घराचा पत्ता आणि मुलांची शाळा : केटी, टेक्सास

केटीत भाड्याच्या घराची जाहिरात उघडली की बेडरूम किती, गॅरेज किती गाड्यांचं, याच्या जोडीला तीन नावं हमखास दिसतात: एलिमेंटरी शाळा (पाचवीपर्यंत), ज्युनिअर हाय (सहावी ते आठवी) आणि हायस्कूल (नववी ते बारावी). इथे आपण घर बघतो आणि शाळा घरामागून येते. प्रवेश परीक्षा नाही, पालकांची मुलाखत नाही, डोनेशन नाही, कुणाची चिठ्ठी नाही. भाडेकरार किंवा विजेचं बिल, मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट आणि लसीकरणाचा कागद दिला की मूल शाळेत बसतं. बारावीपर्यंत फी नाही.

गावाकडे हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे सरकारी शाळेत घातलंय होय?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, आणि ती मला कळते. मी स्वतः सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. तेव्हा बागायतदाराची, गुरुजींची, साखर कारखान्यातल्या साहेबांची आणि शेतमजुराची मुलं एकाच वर्गात सतरंजीवर बसायची. आता माझ्या भावाची मुलं बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात आणि आमची जुनी शाळा पटसंख्येसाठी झगडते. ज्याला परवडतं तो निघून गेला की शाळेसाठी भांडायला कुणी उरत नाही. केटीत मी याच्या उलट बघते आहे. तेल कंपनीतला मोठा अधिकारी, पेट्रोल पंप चालवणारा, नुकताच व्हेनेझुएलातून आलेला आणि आमच्यासारखे व्हिसावरचे, सगळ्यांची मुलं एकाच शाळेत जातात. म्हणून शाळेवर सगळ्यांचा डोळा असतो. हे कसं चालतं आणि कुठे अडतं, ते सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

केटी ह्यूस्टनच्या पश्चिमेला, आय-टेन महामार्गाने साधारण पन्नास किलोमीटरवर. पूर्वी इथे भात पिकायचा. जुन्या गावात भात वाळवून साठवायच्या उंच इमारती अजून उभ्या आहेत, भाताच्या सुगीच्या नावाने जत्राही भरते, पण शेत बघायचं तर आता बरंच पुढे जावं लागतं. ह्यूस्टन आणि केटीच्या मधल्या पट्ट्याला 'एनर्जी कॉरिडॉर' म्हणतात. तिथे तेल आणि वायू कंपन्यांची कार्यालयं आली, पलीकडची सपाट जमीन स्वस्त होती, ग्रँड पार्कवेचा मोठा रस्ता झाला आणि वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली.

केटी नावाचं शहर तसं छोटं, आपल्याकडच्या लहान नगरपालिकेएवढं. पण केटी इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणारी स्वतंत्र संस्था आणि तिचा प्रदेश, सगळे नुसतं 'केटी आयएसडी' म्हणतात, तो पसरलाय १८१ चौरस मैलांवर, हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). त्यातली बहुतेक घरं कुठल्याच शहराच्या हद्दीत येत नाहीत. त्यांना महापौर नाही, नगरसेवक नाही. पाणी आणि सांडपाण्यासाठी छोटे छोटे युटिलिटी डिस्ट्रिक्ट आहेत, रस्ते आणि पोलीस काउंटी बघते. तरीही ती माणसं "आम्ही केटीचे" म्हणतात, कारण त्यांची मुलं केटी आयएसडीत जातात. गावाची हद्द शाळेने आखलेली आहे.

सन २०००च्या सुमारास इथे पस्तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. आज ९० हजारांच्या वर आहेत. सिंको रँच हायस्कूल १९९९ साली उघडलं, मग मॉर्टन रँच २००४, सेव्हन लेक्स २००५, टॉम्पकिन्स २०१३, पेटो २०१७, जॉर्डन २०२० आणि दहावं हायस्कूल फ्रीमन २०२४ साली. एलिमेंटरी आणि ज्युनिअर हाय शाळा तर त्याहून भराभर उभ्या राहिल्या. नवी वसाहत पडते तेव्हा रस्त्यांच्या आखणीतच शाळेची जागा धरलेली असते, आणि बिल्डर घरं विकताना तोच भूखंड आधी दाखवतो.

आता पैशांचं. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. शाळा चालतात त्या मुख्यतः घरपट्टीवर आणि राज्याच्या अनुदानावर. घरपट्टीच्या बिलात सगळ्यात मोठी ओळ शाळेची असते. दर साधारण शंभर डॉलर किमतीमागे एक डॉलर आणि वर थोडे सेंट. राहत्या घराच्या किमतीत सूट मिळते, तेवढ्या किमतीवर हा कर लागत नाही. ती राज्यभराच्या मतदानाने २०२३ साली एक लाख डॉलर झाली आणि २०२५ साली एक लाख चाळीस हजार. म्हणजे चार लाख डॉलरच्या घरात राहणारं कुटुंब वर्षाला जवळजवळ तीन हजार डॉलर शाळेसाठी भरतं, घरात मूल असो वा नसो. भाडेकरूही भरतो, भाड्याच्या आडून. फुकट शिक्षण म्हणजे काय, तर मी माझ्या एका मुलाची फी भरायच्या ऐवजी गावातल्या सगळ्या मुलांची थोडी थोडी फी आयुष्यभर भरते.

या कराचे दोन भाग असतात आणि त्यांची सरमिसळ करता येत नाही. एक रोजच्या खर्चाचा: शिक्षकांचे पगार, वीज, बसचं डिझेल. दुसरा कर्जफेडीचा. नवी शाळा बांधायला डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढतो, इथल्या भाषेत 'बाँड', आणि त्यासाठी मतदारांची परवानगी घ्यावीच लागते. रोख्यांचा पैसा इमारतींवर, बसवर, संगणकांवर जाऊ शकतो, पगारावर नाही. म्हणून कधी कधी डोळ्यांना खुपणारं दृश्य दिसतं: शाळेची इमारत कोरी करकरीत आणि शिक्षकांची पगारवाढ मात्र बेताची.

लोक हे मत जागरूकपणे देतात. २०१३च्या नोव्हेंबरात सुमारे सात कोटी डॉलरच्या दुसऱ्या फुटबॉल स्टेडियमचा समावेश असलेला प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि त्यांनी तो पाडला. केटी हायस्कूलचा संघ नऊ वेळा राज्याचा विजेता ठरलेला आहे, शुक्रवारी रात्री अख्खं गाव सामन्याला लोटतं, तिथे हे घडलं. पुढच्याच वर्षी नव्या शाळा, जुन्यांची डागडुजी आणि स्टेडियम असा ७४.८ कोटी डॉलरचा एकत्र प्रस्ताव आला, तो मंजूर झाला, आणि बारा हजार आसनांचं लेगसी स्टेडियम २०१७ साली उघडलं. एकाच गाठोड्यात शाळा आणि स्टेडियम बांधून मत मागणं मला पटत नाही. शाळा हव्या असणाऱ्याला मग स्टेडियमलाही हो म्हणावं लागतं. २०१९ पासून राज्याच्या कायद्याने अशा मोठ्या क्रीडासंकुलांसाठी मतपत्रिकेवर वेगळा प्रश्न विचारावा लागतो, ते बरं झालं.

डिस्ट्रिक्टचा कारभार सात जणांचं निवडून आलेलं मंडळ बघतं. त्यांना पगार नसतो. बैठका जाहीर असतात आणि कुणीही नाव नोंदवून ठरलेल्या वेळात बोलू शकतं. आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसांना मत नाही, पण बोलायला नागरिकत्व लागत नाही. कर भरणारे आणि मत नसणारे असे आम्ही इथे पुष्कळ आहोत. आपल्या मराठी मंडळींनी त्या बैठकांना जावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे तेलुगू, चिनी, नायजेरियन पालक येऊन बोलताना मी पाहिले आहेत, आपली माणसं क्वचितच.

हजेरीबद्दल लिहिते, कारण भारतात लग्नाला जायचं म्हटलं की इथल्या प्रत्येक देशी घरात यावर चर्चा होते. टेक्सासमध्ये शाळेला राज्याचा पैसा पटावर मिळत नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. एका मुलामागे मूळ अनुदान ६,१६० डॉलर होतं. ते २०१९ पासून २०२५ पर्यंत जागचं हललं नाही. मधल्या काळात महागाई कुठल्या कुठे गेली आणि राज्यभरचे डिस्ट्रिक्ट तुटीत आले. २०२५ साली विधिमंडळाने या मूळ आकड्यात वाढ केली ती ५५ डॉलरची. पगारांसाठी वेगळी तरतूद केली हे खरं, पण मूळ आकडा जवळजवळ तिथेच राहिला. म्हणून मूल गैरहजर राहिलं की शाळेतून लगेच फोन येतो. शिवाय नव्वद टक्के हजेरी नसेल तर वर्ग पूर्ण केल्याचं श्रेयही (क्रेडिट) अडकू शकतं. डिसेंबरात तीन आठवडे पुणे-सांगली करून यायचं तर आधी शिक्षकांना लेखी कळवावं, अभ्यास मागून घ्यावा आणि शक्यतो सुट्टीला धरून जावं. दिवाळीचं मात्र वेगळं आहे. धार्मिक सणासाठीची रजा राज्याच्या कायद्यातच आहे. पालकाने चिठ्ठी दिली आणि बुडालेला अभ्यास भरून काढला की तो दिवस हजर धरला जातो. गणपती बसवता त्या दिवशीही चिठ्ठी द्या. न सांगता घरी ठेवू नका.

वाढत्या वस्तीचा सगळ्यात मोठा ताप म्हणजे हद्दबदल. नवी शाळा उघडली की शेजारच्या शाळांच्या हद्दी नव्याने आखतात. याचं इथलं नाव 'अटेंडन्स बाउंडरी मॉडिफिकेशन'. नकाशे प्रसिद्ध होतात, सभा होतात, पालक आकडे घेऊन येतात. रस्त्याच्या या बाजूची मुलं एका हायस्कूलला आणि त्या बाजूची दुसऱ्या, असं होतं आणि आठवीतल्या मैत्रिणींची ताटातूट होते. ज्याने खास त्या शाळेसाठी जास्त किंमत मोजून घर घेतलं त्याचा राग तर वेगळाच. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे एखादी शाळा भरली की ती 'कॅप' करतात. मग तुम्ही हद्दीत राहत असलात तरी नव्याने आलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवतात, जागा झाली की परत आणतात. मागच्या मैदानावर तात्पुरत्या वर्गखोल्या उभ्या केलेल्या दिसतील. आतून त्या नीटनेटक्या असतात, एसी असतो, पण पावसात मुलांना छत्री घेऊन मुख्य इमारतीत जावं लागतं.

पावसावरून आठवलं. २०१७च्या ऑगस्टात हार्वी वादळात बार्कर जलाशयाचं पाणी मागे फुगत गेलं आणि डिस्ट्रिक्टच्या पूर्वेकडच्या कित्येक वसाहती पाण्याखाली गेल्या. क्रीच एलिमेंटरी ही शाळाच पाण्यात गेली. त्या मुलांची शाळा ह्यूस्टन विद्यापीठाच्या सिंको रँचमधल्या इमारतीत भरवली. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आजही सांगतात की शाळा सुरू झाल्यावर कुठे जगणं पुन्हा मार्गाला लागल्यासारखं वाटलं.

इथल्या मुलांच्या यादीवर नजर टाकली तर कुठल्याच एका गटाचं बहुमत नाही. सगळ्यात मोठा गट स्पॅनिश भाषक कुळातला, एक तृतीयांशाहून जास्त. व्हेनेझुएलातून इतके लोक आले की केटीला 'केटीझुएला' म्हणू लागले. त्याखालोखाल गोरे, मग आशियाई आणि कृष्णवर्णीय, ज्यांत नायजेरियातून आलेली पुष्कळ घरं आहेत. मुलीच्या वर्गातल्या वाढदिवसाच्या पार्टीत अरेपा, जोलोफ भात आणि आपला शिरा एका टेबलावर मांडलेला असतो.

हे मिश्रण आपोआप टिकत नाही, त्यामागे कायदे आहेत. टेक्सासने १९७५ साली कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना फुकट शाळा नाकारायची मुभा डिस्ट्रिक्टना दिली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८२ साली 'प्लायलर विरुद्ध डो' या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की आईबापाच्या कागदांवरून मुलाला शाळेबाहेर ठेवता येणार नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी राहण्याचा पुरावा मागतात, व्हिसा मागत नाहीत. एका मताच्या फरकाने देशभरातली लाखो मुलं वर्गात बसली.

दुसरा कायदा भाषेचा. डिस्ट्रिक्टमध्ये एकाच इयत्तेत एकच मातृभाषा असलेली, इंग्रजी शिकणारी वीस मुलं झाली की एलिमेंटरीत त्या भाषेत द्विभाषिक शिक्षण देणं राज्याने बंधनकारक केलं आहे. स्पॅनिशमध्ये ते सर्रास चालतं. बाकीच्या मुलांना इंग्रजीची वेगळी मदत मिळते, तिला 'ईएसएल' म्हणतात. प्रवेश अर्जात एक पान असतं: घरी कुठली भाषा बोलता, मूल बहुतेक वेळ कुठली भाषा बोलतं. आपले बरेच पालक तिथे बिनदिक्कत 'इंग्लिश' लिहितात, कारण मूल मागे पडलं असं समजतील ही भीती. मला हे फार चुकीचं वाटतं. मराठी लिहिलं तर मुलाची इंग्रजीची एक चाचणी होते, एवढंच. चांगली आली तर विषय संपला. नाही आली तर मदत मिळते आणि दर वर्षी प्रगती तपासली जाते. आणखी एक फायदा अनेकांना ठाऊकच नसतो. चार वर्षांच्या ज्या मुलाला इंग्रजी येत नाही त्याला प्री-के, म्हणजे बालवाडीसारखा वर्ग, फुकट मिळतो, मग बापाचा पगार कितीही असो. खासगी प्री-केचे महिन्याला हजारभर डॉलर मोजणारी मराठी घरं मी बघते. तेच मूल घरात आजीशी अस्खलित मराठी बोलत असतं आणि अर्जावर मात्र 'इंग्लिश'.

मुलाच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून गेले होते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिथेच थांबले. मुलं ट्रे घेऊन रांगेत सरकत होती. रांगेच्या टोकाला एक छोटा कीपॅड. प्रत्येक मूल आपला नंबर दाबतं, बाई स्क्रीनकडे बघून मान हलवतात, मूल पुढे. घरच्या उत्पन्नानुसार कुणाच्या खात्यातून पूर्ण पैसे वळते होतात, कुणाचे फक्त चाळीस सेंट, कुणाचे काहीच नाही. मागच्या मुलाला यातलं काही कळत नाही. आमच्या वेळी शाळेत शिष्यवृत्तीवाल्यांना वर्गात उभं करून नावं वाचायचे. त्या नुसत्या आठवणीनेही मला तो कीपॅड फार मोठा वाटतो.

अभ्यासाव्यतिरिक्त काय काय चालतं ते लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही. रोबोटिक्ससाठी शॉ सेंटर नावाची स्वतंत्र इमारत आहे, स्पर्धा तिथे भरतात. बँडची मुलं ऑगस्टच्या उन्हात पार्किंगच्या जागेवर तासन्‌तास पावलं घोटत असतात. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मिलर करिअर अँड टेक्नॉलॉजी सेंटर. वेल्डिंग, मोटार दुरुस्ती, स्वयंपाक, केशभूषा असे हातातले कसब लागणारे विषय तिथे शिकवतात, आणि वेगवेगळ्या हायस्कूलची मुलं अर्धा दिवस बसने जाऊन शिकून परत येतात. २०१३च्या राज्य कायद्याने हायस्कूलमध्ये प्रत्येकाला एक दिशा निवडावी लागते: विज्ञान-तंत्र, व्यापार-उद्योग, लोकसेवा, कला किंवा अनेक विषयांचं मिश्रण. आपल्याकडे दहावीनंतर आयटीआयला गेलेला मुलगा वेगळ्या रांगेत उभा केला जातो, नातेवाईकही हळू आवाजात सांगतात. इथे सकाळी कॅल्क्युलस शिकलेला मुलगा दुपारी वेल्डिंगचा मुखवटा चढवतो आणि दोन्ही त्याच्या एकाच गुणपत्रकावर येतं.

आणि शेतीचं केंद्र. एका सकाळी शेजारच्या मुलीला तिथे सोडायला मी गेले, तिची आई गावाला गेली होती. सहा वाजले होते, पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये दिवे लागलेले, दोन्ही बाजूंना लोखंडी कप्पे, त्यांत शेळ्या, डुकरं, कालवडी. मुलीचा बाप तेलविहिरींचा इंजिनिअर, आई दातांची डॉक्टर. तिने आपला बोकड बाहेर काढला, स्टँडवर त्याची मान अडकवली, पाइपने धुतला, मग ब्लोअरने केस वाळवले. खाद्य वजन करून घातलं आणि भिंतीवरच्या वहीत आकडा लिहिला. नंतर गळ्यातली साखळी धरून त्याला चालवलं आणि चारही पाय सरळ रेषेत राहतील असं उभं केलं, कारण परीक्षक पाठ आणि मांड्या हाताने चाचपून बघतो. हे ती रोज दोनदा करते, शनिवार-रविवारसुद्धा. दर वर्षी डिस्ट्रिक्टचा पशुमेळा भरतो, निवडलेल्या जनावरांचा लिलाव होतो, गावातले व्यापारी चढ्या बोलीने घेतात आणि ते पैसे मुलं कॉलेजसाठी ठेवतात. बोकडाचं पुढे काय होतं ते तिला पक्कं माहीत आहे. मी विचारलं तेव्हा तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवत सांगितलं की शेवटच्या दिवशी सगळेच रडतात, आणि तरी पुढच्या वर्षी नवं पिल्लू घेतात.

मी शेतकऱ्याची लेक. आमच्या गोठ्यात म्हशी होत्या, धारा मला काढता येतात. माझ्या भावाच्या मुलांना मात्र गोठ्यात जाऊ देत नाहीत, अभ्यास बुडतो म्हणून. ज्या गावात भातशेती संपून गेली तिथली शाळा इंजिनिअरच्या मुलीला जनावर सांभाळायला शिकवते, त्याचे गुण देते, आणि आमच्या शेतीच्या गावात शेती हा न शिकल्याचा दंड मानला जातो. त्या सकाळपासून हे मनातून जात नाही.

आमच्या ओळखीतलं एक मराठी जोडपं पुण्याला परतायचं ठरवून होतं. मुलगा स्वमग्न निघाला आणि त्यांनी बेत रद्द केला. १९७५च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला त्याला साजेसं शिक्षण फुकट मिळण्याचा हक्क आहे. टेक्सासमध्ये त्यासाठी 'एआरडी' नावाची बैठक होते. आईवडील, शिक्षक, वाचा-उपचार तज्ज्ञ एका टेबलाला बसून वर्षभराचा आराखडा लिहितात, तो आराखडा शाळेवर कायद्याने बंधनकारक असतो आणि पालकांना तो अमान्य करता येतो. हे सगळं सुरळीत मिळालं असं नाही. २००४ पासून राज्याने विशेष शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण ८.५ टक्क्यांच्या आत ठेवायचा निकष गुपचूप लावला होता. 'ह्यूस्टन क्रॉनिकल' वर्तमानपत्राने २०१६ साली ते उघड केलं आणि २०१८ साली केंद्र सरकारने राज्याला दोषी ठरवलं. मधल्या काळात कित्येक मुलांना मदत मिळाली नाही. म्हणून आपल्या मुलासाठी तपासणी हवी असेल तर ती लेखी मागा. लेखी मागणी केली की शाळेला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं.

अडचणी आणखीही आहेत. पत्त्यावरून शाळा म्हणजे महाग वसाहतीची शाळा आणि स्वस्त अपार्टमेंटची शाळा यांत फरक पडतोच. एकाच डिस्ट्रिक्टमध्ये एका शाळेत बहुतेक मुलं सवलतीचं जेवण घेणारी आणि पाच मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत नावापुरती. आपली मंडळी सेव्हन लेक्स, टॉम्पकिन्स, जॉर्डन यांच्या हद्दीत घर घ्यायला धावतात आणि मग मुलांना त्याच गर्दीत झगडावं लागतं. १९९७च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठाने ती मर्यादा बरीच खाली आणली आहे. कायद्याचा हेतू चांगला, गरीब भागातल्या शाळांनाही वाट मिळावी. पण देशी घरांत त्याचा ताण सहावीपासून सुरू होतो. नवव्या इयत्तेतल्या मुलांनी रात्री एकपर्यंत जागून गुणांचे दशांश मोजणं मला बघवत नाही, आणि ते शाळेपेक्षा आम्ही पालकांनी जास्त लादलेलं आहे.

राजकारणही दारात येतं. २०२१ साली एका ग्राफिक कादंबरीवर पालकांनी आक्षेप घेतला, ती ग्रंथालयातून काढली, लेखकाची भेट थांबवली. मग समितीने पुस्तक वाचलं, ते परत ठेवलं आणि भेटही ऑनलाइन झाली. २०२५ साली राज्याने खासगी शाळांसाठी सरकारी पैसा देणारी शंभर कोटी डॉलरची योजना कायद्यात आणली. तिच्या बाजूचे लोक पालकांच्या निवडीबद्दल बोलतात. मला आमच्या गावाची शाळा आठवते. पैसेवाले आधी निघतात, मग आवाज निघतो, मग पट. केटीत अजून तसं झालेलं नाही, आणि होऊ नये म्हणून मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत नाव नोंदवणार आहे.

ह्यूस्टनकडे मुलांसह यायचं ठरत असेल तर भाडेकरार सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकून तिन्ही शाळा बघा आणि शाळेत फोन करून ती कॅप आहे का विचारा. जाहिरातीतली शाळेची नावं जुनी असू शकतात. वर्ष ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतं. लसीकरणाच्या पुस्तिकेत हेपटायटिस ए आणि कांजिण्यांचे दोन्ही डोस आहेत का ते भारतातच तपासून घ्या, बऱ्याचदा एक राहिलेला असतो आणि इथे तो महाग पडतो. मागच्या दोन वर्षांची गुणपत्रकं इंग्रजीत, शाळेच्या शिक्क्यानिशी आणा. आणि भाषेच्या पानावर मराठी लिहा.